तबकडीवरच्या लाटा

आमच्या अमरावतीच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर बोलताना एका जागी उभे राहत नाहीत. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत ताऱ्यांच्या लाटा उठल्या आहेत आणि जवळून गेलेल्या एका छोट्या दीर्घिकेनेच त्या उठवल्या, असं ते वर्षानुवर्षं मांडत आले. अकोल्याच्या व्याख्यानातही येरझारा घालत तेच सांगत होते. मध्येच एका मुलीनं विचारलं, "पण सर, एकच कावून? दोन-तीन आल्या असतील तं?"

सर थबकले. "असू शकते, पोरी. मले पक्कं माहीत नाही." त्यांनी फळ्यावरची आपली आकृती पुसली आणि खडू तिच्यापुढे धरला. "ये, तू काढून दाखव."

ती रेषा ओढू लागली. सर पहिल्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसले आणि ती काढत होती तोवर जागचे हलले नाहीत.