घोडेस्वाराचा हात

सौसरच्या सरांनी मला पांढुर्ण्यात फ्रेमच्या दुकानात कामाला लावून दिलं, त्यामुळं त्यांचं काम आलं की मी माप तीनदा घेते. आठवीतून शाळा सोडलेली, साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली बाई मी. नवरा महिन्यातले पंचवीस दिवस ट्रकवर. "हिले माप समजते," एवढंच सर मालकांना म्हणाले होते. शाळेचा दाखला कोणी मागितला नाही.

त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून एक चित्र पाठवलं. तिकडं जुन्या काळी लोक घरदार सोडून नवी जमीन कसायला निघाले, त्यांच्या हिमतीचं. अशी चित्रं तिकडं खूप काढतात म्हणे. माळरानावर कापडी छपराच्या बैलगाड्या डावीकडं चाललेल्या, सगळ्यांत पुढं घोडेस्वार, मावळतीकडं हात केलेला.

फ्रेम सरांच्या घरी दोन खिडक्यांच्या मध्ये बसायची होती. चित्र चार बोटं जास्त भरलं. मी सरांना फोन केला.

"उजवीकडून उडव नं. तिकडं काय हाय? रिकामंच तं हाय."

रिकामं नव्हतं. त्या कडेला एक लाकडी घर होतं आणि दारात एक म्हातारी, अंगठ्याएवढी, कपाळावर हात धरून गाड्यांकडं बघत उभी. लग्नाची गाडी वळेपर्यंत माझी आई दारात उभी होती म्हणतात. मी मागं बघितलंच नाही, रडू येईल म्हणून.

दोनदा पट्टी ठेवली, दोनदा उचलली. मग डावीकडून कापलं. घोडेस्वाराचा हात मनगटापासून गेला.

सकाळच्या बसमध्ये फ्रेम मांडीवर घेऊन बसले. शेजारची म्हणाली, "देवाचा फोटो हाय काय?" मी हो म्हटलं. सरांनी मालकांना एक फोन केला, तर काम गेलं, आणि उद्यापासून दिवसभर घरच्या खोलीत मी एकटी.

सौसरला घरी सरांनी वरचा कागद सोडला. बोट काचेवरून डाव्या कडेपर्यंत नेलं.

"याचा हात कुठी गेला व?"

"मीच कापला, सर. म्हातारीला कापवेना."

"हा आता रस्ता दाखवून राहिला का माश्या हाकलून राहिला?"

मला हसू आलं नाही. आतून सरांची बायको, काकू आल्या, चष्मा लावून म्हातारीच्या कोपऱ्याशी वाकल्या, आणि पदरानं तेवढीच काच पुसली.

मुलीचा रोजचा कॉल आला. सरांनी फोन चित्रासमोर धरला.

"बाबा, त्याचा हात?"

"भिंतीवर जागाच नोती. मीच सांगतलं कापाले."

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. काकूंनी चहा दिला, तो मी उभ्यानंच प्यायले.

परतीच्या बसमध्ये मांडी रिकामी होती. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. नवऱ्याचा फोन लागला नाही. आईचा लागला.

"काय झालं गं?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही. काम टिकलं."

"जाणार होतं का?"

मधला एक थांबा आला होता. लोक उतरत होते. म्हातारीचं न सांगताच, आवाज येत नाही म्हणत मी फोन ठेवला.