वजा अर्धा
ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की मला अकोल्याचं कॉलेज आठवतं. वर्गात मी एकटीच मुलगी. सरांच्या मागून आत जायचं आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायचं, अशी तेव्हाची रीत. एकदा सरांनी फळ्यावर एकशेवीस अंशांच्या कोसाइनची किंमत अर्धा लिहिली. कोन दुसऱ्या चरणातला, म्हणजे ती वजा अर्धा हवी. तास संपल्यावर मी नेहमीसारखी सरांच्या मागून निघाले. बाहेर व्हरांड्यात मी सरांना हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं नाव न घेता ते म्हणाले, "काल तुमच्यापैकी कोणीतरी माझी चूक दाखवली. शाबास!" "कोन व्हय बे तो पोट्टा?" म्हणत मुलं तो मुलगा शोधायला एकमेकांकडे बघू लागली. माझ्या बाकाकडे कोणीच पाहिलं नाही. आणि मीही मागे वळून त्यांच्यातच कोणाला तरी शोधल्यासारखं केलं, त्याचा मला अजून राग येतो.