सेकंदाला शंभर

दिवा लागला की गजभारे आधी त्याच्यापुढे पेन्सिल हलवून बघायचे. भराभर, डावीकडून उजवीकडे. पेन्सिलीचा सलग धुरकट पट्टा दिसला तर दिवा पास. पट्ट्याच्या जागी सुट्या सुट्या चार-सहा पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकतोय, मग नवा कोरा का असेना, डबड्यात जायचा. नांदेडला वजिराबादेत एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. माशांच्या टाक्यांचे एलईडी दिवे ते हाताने बांधून द्यायचे.

मी पहिल्यांदा गेलो तो शहाणपणा खिशात घालूनच. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा माझा जुना आजार. उजेड जास्त झाला की माझ्या टाकीच्या काचेवर शेवाळ धरायचं, म्हणून कमी-जास्त होणारा दिवा हवा होता. एलईडीला सोसेल अशी वीज करून देणाऱ्या डबीला ड्रायव्हर म्हणतात. साधा ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या अलीकडे पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा, स्वस्तात काम! रेग्युलेटर मी घरूनच नेला होता. गजभाऱ्यांनी तो हातात घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं.

“हे वापस भेटनार न्हाई, सर.”

“अहो, माझा आहे तो!”

“हाव. तरीबी न्हाई.”

मी तणतणलो. त्यांनी शांतपणे चहा मागवला. “साध्या ड्रायव्हरला आर्धीमुर्धी वीज दिली की तो चालू-बंद, चालू-बंद करून राहतो. डिमिंगचा येगळा येतो. त्याला नॉबसाठी दोन बारीक वायरी जादा असतात. वीज पुरी घेतो आन् उजेड तेवढा कमी करतो.” मग त्यांनी माझ्यासाठी ड्रायव्हर निवडायला घेतले. प्रत्येकाचा नॉब पार खाली आणायचा आणि पेन्सिल हलवायची. “खालच्या टोकाला बगायचं, सर. भरउजेडात सगळेच गुणाचे.” चार बाद झाले, पाचवा मला मिळाला. त्यात अर्धा दिवस गेला आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

पुढे मी उगाचच जाऊन बसायला लागलो. एकदा त्यांनी ते कुलूप उघडलं. आत माझ्या रेग्युलेटरशेजारी आणखी एक होता, त्याला साध्या ड्रायव्हरची आणि एलईडीच्या पट्टीची वायर अजून जोडलेली.

“माझ्या प्रज्ञाच्या टाकीचा,” ते म्हणाले.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांची. तिला लहानपणापासून फिट यायच्या, गोळ्या चालू होत्या. मासे बघत ती तासन् तास शांत बसायची म्हणून त्यांनी टाकी केली, दिवा केला. एका संध्याकाळी उजेड कमी केल्यावर पट्टी लुकलुकायला लागली. काचेला नाक लावून बसलेल्या प्रज्ञाला तिथेच फिट आली, ती थांबलीच नाही. दवाखान्याच्या दारात पोरगी गेली.

“नॉब मीच फिरवला व्हता,” ते म्हणाले. “सर, तुमच्या लॅबमधी मोजून द्या. सेकंदाला किती बार लुकलुकतो ते. कागदावर लिहून पाहिजे.”

मी ते सगळं कॉलेजात नेलं, सेन्सर लावला, नॉब खाली केला. सेकंदाला पंधरा. अशा आजारात नेमका याच वेगाच्या आसपास लुकलुकणारा उजेड घात करतो, हे मला ठाऊक होतं. मग कोऱ्या कागदावर ‘सेकंदाला शंभर’ लिहिलं, खाली सही केली.

“शंभराला काय व्हत न्हाई ना?” कागद घेत त्यांनी विचारलं.

“काही होत नाही.”

त्यांनी घडी घालून कागद वरच्या खिशात ठेवला. आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दिव्यापुढे पेन्सिल हलवायला लागले. त्यांच्या डोळ्यांनी खरा आकडा कधीच मोजला असणार. माझं खोटं वाया गेलं असं वाटलं, आणि खरं सांगतो, मला त्यांचा थोडा रागही आला.

गेल्या उन्हाळ्यात गजभारे वारले. हदगावला त्यांच्या गावी भेटायला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर प्रज्ञाचा फोटो. वहिनींनी फ्रेमच्या मागून माझाच कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता.

“ह्यांनी आनून माझ्या हातात दिला,” त्या म्हणाल्या. “सरांनी मशीनवर मोजलं म्हनले. लाईटीनं न्हाई झालं म्हनले.”

“हो.”

“सर, त्या दिवशी हे दुकानात व्हते. प्रज्ञा म्हन्ली, आई, उजेड कमी कर, मासे लई चमकतेत. बटन म्या फिरवलं.”

बाहेर कोणीतरी हातपंप मारत होतं. वहिनींनी कागद माझ्यापुढे धरला.

“आता हे न्हाईत. आता तरी सांगा, सर. खरं किती व्हतं?”

मी कागद घेतला, नीट घडी घातली आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

“शंभर, वहिनी,” मी म्हणालो.