महाराष्ट्राच्या गटात मी, कर्नाटकाच्या गटात ती

मे महिन्यातल्या प्राइडच्या मिरवणुकीची तयारी आमच्याकडे फेब्रुवारीतच सुरू झाली, आणि पहिल्याच बैठकीत माझं डोकं फिरलं. बैठक म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फिल्टर कॉफी, आणि लॅपटॉप घेऊन बसलेली एक चुणचुणीत मुलगी, आमची आयोजक. यंदाचा विषय काय, तर सांस्कृतिक विविधता. म्हटलं, छान आहे.

मग तिने भिंतीवर यादी दाखवली. राज्यागणिक गट. पहिला कर्नाटकाचा, मग तमिळ, मल्याळी, तेलुगू असं करत शेवटून दुसरा महाराष्ट्राचा. त्यात माझं एकटीचं नाव आणि पुढे लिहिलेलं: नऊवारी, नथ, लेझीम.

आता मला सांगा, आमच्या चार पिढ्या म्हैसुरात गेल्या. घरात मराठी बोलतो, पण आमटीला सारूच म्हणतो. पुण्याला मी आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा कधी एकदा घरी परततेय असं झालं होतं. लेझीम तर मी उभ्या जन्मात खेळलेली नाही. तरी तेवढं मी चालवून घेतलं असतं. नथ काय, चापाचीही मिळते.

पण कर्नाटकाच्या गटात हिचं नाव होतं. ही म्हणजे, जिच्याबरोबर बोगादीत मी एकवीस वर्षं संसार करतेय ती. ही शाळेत कन्नड शिकवते. मुलांच्या आईबापांना कळलं तर नोकरी जाईल, या धास्तीने आजवर ही अशा मिरवणुकीच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती, आणि ही नाही म्हणून मीही नाही. आता मार्चअखेर ही निवृत्त होणार होती. यंदा दोघींनी बरोबर चालायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. आणि यादीप्रमाणे आमच्या दोघींच्या मध्ये सहा गट, दोन ढोलपथकं आणि एक टेम्पो.

"आम्हाला बरोबर चालायचंय," मी त्या मुलीला म्हटलं.

ती गोड हसली. "आंटी, शेवटी मैदानात सगळे भेटतातच की. फोटोत प्रत्येक संस्कृती वेगळी दिसायला हवी ना."

ही शेजारून हळूच म्हणाली, "इरली बिडु, शेवटी भेटू." राहू दे म्हणे! तिथे माझा तोल सुटला. मी उभी राहिले आणि चाळीस माणसांसमोर बोलले.

"एकवीस वर्षं आम्ही शेवटीच भेटतोय. हिच्या शाळेच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसते आणि मग गेटबाहेर हिची वाट बघते. हिच्या भाचीच्या लग्नात मी जेवायला होते, फोटोत नव्हते. हिची आई गेली तेव्हा मी अंगणात शेजारणींबरोबर उभी होते, आतून हिचं रडणं ऐकू येत होतं. त्या लोकांना माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तरी तुम्हीही आम्हाला वेगळंच काढणार?"

मुलगी गोंधळून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मग आंटी, तुम्हा दोघींना 'इतर'मध्ये टाकू का?" मला तिच्या हातातला लॅपटॉप आपटावासा वाटला. तिची चूक नव्हती, हे आज म्हणते. तेव्हा वाटत नव्हतं.

तेवढ्यात ही उठली. हिला चारचौघांत बोलायची सवय नाही, वर्गातली गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी वर्गातल्याच आवाजात, कन्नडमध्ये म्हणाली, "महाराष्ट्रात टाक मला. नऊवारी नेसव, काय हवं ते कर. ही जिथे चालेल तिथे मी चालणार. आई गेली त्या दिवशी मी दारात येऊन हिला आत बोलवायला हवं होतं. मी नाही बोलावलं."

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या दिवसाबद्दल ही माझ्याशी आजवर अवाक्षर बोलली नव्हती.