पूजेतल्या लॅपटॉपमधली वीणा

सरस्वतीपूजेची सकाळ, चेन्नईतलं आमचं घर. हजर सासूबाई, नवरा, मुलगी आणि मी. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धानंतरची ती पहिली पूजा. पाटावर पुस्तकं, सासऱ्यांची वीणा आणि मुलीने चालूच ठेवलेला लॅपटॉप. पाटावरच्या सगळ्याला ताजं गंध-कुंकू, आणि घरभर नैवेद्याच्या सुंडलचा, म्हणजे फोडणी दिलेल्या चण्यांचा, वास. दरवर्षी आरतीला सासरे वीणा वाजवत आणि मगच ती पाटावर ठेवत. "यंदा मुकीच आरती," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा नवऱ्याला आठवलं, की वडिलांच्या वादनाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्याच लॅपटॉपमध्ये आहे. त्याने हात पुढे केला. "पूजेत ठेवलेल्याला उद्यापर्यंत शिवायचं नाही. तुझ्या बापाने कधी शिवलं होतं?" सासूबाईंनी दटावलं. मी फोन काढला. गिंडीच्या ऑफिसातले सर्व्हर मी रोज असेच दुरून, आज्ञा टाइप करून चालवते, आणि घरचा लॅपटॉपही तसाच जोडून ठेवला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. अशी फाईल नाही, असं उत्तर आलं. "अम्मा, फोल्डर चुकला," मुलगी माझ्या खांद्यावरून म्हणाली. मी ओळ दुरुस्त केली आणि कुंकू लावलेल्या लॅपटॉपमधून वीणा झणकारली. मध्येच सासऱ्यांचं खाकरणंसुद्धा. सासूबाईंनी आधी आम्हा तिघांचे हात पाहिले. "कोणी शिवलं नाही ना?" "नाही." "मग थांबवू नको," म्हणत त्यांनी निरांजन उचललं. आता दर पूजेला मी ती ओळ लिहिते. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत काढून ठेवणं मात्र माझ्या कामांत अजून बाकी आहे. त्यासाठी लॅपटॉप उघडला, की सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि आम्ही ऐकतच राहतो.