कानामागची तीट

१२ सप्टेंबर २००६, मंगळवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरची ही नोंद माझ्या अक्षरात आहे, पण निरीक्षण माझे नव्हते. ते माझ्या सासूबाईंचे होते. पुण्याहून तीन महिन्यांसाठी त्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आमच्याकडे आल्या होत्या आणि त्या वेळी आपल्या चार वर्षांच्या नातीला दूध-पोळी भरवत होत्या. मी दाराशी बूट घालून प्रयोगशाळेच्या किल्ल्या शोधत होते. विद्यापीठातले मोजमापाचे यंत्र त्या दिवशी आठ वाजल्यापासून माझ्या नावावर होते आणि त्यासाठी मी महिनाभर थांबले होते.

"अगं, ही अर्धीच का हसतेय?" सासूबाईंनी विचारले.

"आई, दाताखाली काहीतरी धरलं असेल तिनं."

"नाही. इकडे ये."

"बूट घातलेत मी."

"बूट घालूनच ये."

ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला चपलेनिशी स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, त्यांचे हे वाक्य ऐकून मी धावले. मुलगी हसत होती. ओठांचा उजवा कोपरा वर गेला होता; डावा जागचा हलला नव्हता आणि त्यातून दूध हनुवटीवर ओघळत होते. मी तिला डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला. डावा अर्धवट उघडाच राहिला आणि त्या फटीतून बुबुळाखालचे पांढरे दिसले.

"माझा हा गाल श्लेफ्ट," ती म्हणाली. गाल झोपलाय, ही तक्रार नव्हती. आजीला पुरवलेली माहिती होती.

अर्धा चेहरा थांबण्याचे एकच कारण मला माहीत होते, पक्षाघात, आणि ते चार वर्षांच्या मुलाशी जुळत नव्हते. नवरा कारखान्याच्या बसमध्ये होता. मी फोनवर जेवढे दिसले तेवढेच सांगितले. "जा, जा," तो म्हणाला. जर्मनीत आल्यापासून त्याचा होकार मराठीत उरलाच नव्हता. "पुढच्या थांब्याला उतरतो. तुम्ही निघा."

सासूबाई, मुलगी आणि मी दवाखान्यात पोचलो. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलीला भुवया उंच करायला लावल्या. डाव्या बाजूला कपाळावर एकही आठी पडली नाही.

"कपाळही हलत नाही," त्या म्हणाल्या. "हे चांगलं आहे."

माझा चेहरा पाहून त्यांनी समजावले: दोष मेंदूत असता, तर कपाळ हलले असते. इथे चेहऱ्याकडे येणारी एक नस सुजली आहे. मग त्यांनी विचारले, की उन्हाळ्यात मूल जंगलात गेले होते का. बालवाडीची दर गुरुवारी जंगलफेरी असे. गोचीड चावली होती का? सासूबाई आणि मी, दोघींनी ठामपणे नाही म्हटले.

त्यांनी डावा कान पुढे दुमडला. मागे, केसांच्या कडेला, पुसट होत आलेले गुलाबी वर्तुळ होते. "इथे काही चिकटलेलं पाहिलं होतं? काळा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून थोडा मोठा?"

सासूबाईंसाठी मी हा प्रश्न मराठीत सांगू लागले आणि मध्येच थांबले.

इथे थोडे मागे जायला हवे. सासूबाई आल्या त्या आठवड्यापासून रोज सकाळी नातीच्या गालाला काजळाची तीट लावत. बालवाडीतल्या शिक्षिकेने दोनदा ती ओल्या कापडाने पुसली आणि तिसऱ्यांदा, घरी मुलीचे तोंड धुतले जाते ना, असे मला फार सभ्यपणे विचारले. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितले, "आई, लावायचीच असेल तर कानामागे लावा. कुणाला दिसणार नाही." त्या फक्त बरं म्हणाल्या. ऑगस्टमध्ये एका सकाळी वेणी घालताना मला मुलीच्या डाव्या कानामागे काळा ठिपका दिसला. तडजोड मान्य झाली, असे समजून मला समाधान वाटले. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता.

"आई," मी दवाखान्यात विचारले, "कानामागची तीट तुम्हीच लावली होतीत ना?"

"मी? तू बोललीस त्या दिवसापासून मी काजळाची डबी उघडलेली नाही."

"मग ऑगस्टमध्ये..."

"ती तू लावलीस! मी केस विंचरताना पाहिली की. म्हटलं, तोंडानं नको नको म्हणते, पण लेकराच्या काळजीनं लावली बिचारीनं. मनातून बरं वाटलं मला."

"आल्झो?" मग काय ठरलं, अशा अर्थाने डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींकडे पाहिले.

काजळ, दृष्ट आणि आम्हा दोघींचा गैरसमज जर्मनमध्ये सांगताना माझे कान तापले. माझा सारा व्यवसाय धातूच्या पृष्ठभागावरचे उंचवटे मायक्रॉनमध्ये मोजण्याचा. त्या ठिपक्याला मी बोटसुद्धा लावून पाहिले नव्हते. पण बाई हसल्या नाहीत. "म्हणजे घरातल्या दोघींनी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक घरांत कुणालाच दिसत नाही. जागा कळली, महिना कळला. आता मला फारसा अंदाज बांधावा लागणार नाही." त्यांनी तिथूनच रुग्णालयाला फोन केला. 'दोघींनी पाहिलं' या वाक्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. दोष कुणाचा, हा प्रश्न त्यांनी आमच्या घरात शिरूच दिला नाही.

पाठीच्या कण्यातले पाणी तपासल्यावर निदान पक्के झाले: गोचिडीतून येणारा लाइमचा आजार. ती तपासणी होताना नवऱ्याने मुलीला धरले होते. मी दाराबाहेर होते. दोन आठवडे रुग्णालयात सलाइनमधून प्रतिजैविक द्यायचे ठरले. औषधाने जंतू मरतील, असे तिथे सांगितले. चेहरा मात्र त्याच्या वेळेने परत येतो, आणि बहुतेक मुलांमध्ये पूर्ण येतो. 'बहुतेक' या शब्दापाशी मी अडकले. त्या शब्दाच्या कोणत्या बाजूला माझी मुलगी पडणार, हे कुणीच सांगू शकत नव्हते.

उघडा डोळा कोरडा पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक घुमटासारखी पट्टी असे. मुलीने तिला पाणबुड्याचा चष्मा ठरवले आणि वॉर्डभर मासे पाहत फिरली. मलम लावायचे काम नवऱ्याने स्वतःकडे घेतले. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मी मोजू लागले. रविवारी मुलीला डोळे मिटायला सांगायचे आणि राहिलेली फट मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये टिपायची. पहिल्या रविवारी पाच.

"मोजून मिटतो का डोळा?" सासूबाईंनी विचारले.

"नाही. पण मला कळतं."

"मग मोज बाई. मी माझं काम करते."

त्यांचे काम म्हणजे व्यायाम. आरशासमोर गाल फुगवणे, नाक मुरडणे, फुंकर मारणे, थोडक्यात, वेडावणे. मोठ्यांना वेडावायचे नाही, हे मुलगी त्यांच्याकडूनच शिकली होती.

"आता वेडाव मला," त्या पलंगावर मांडी घालून फर्मावत. "डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. दिवसातून तीनदा आजीला वेडावायचं."

"डार्फ इश?" मुलीने साशंकपणे माझ्याकडे परवानगी मागितली.

"तिला काय विचारतेस? तिच्यासारखं तोंड कर. किल्ल्या सापडत नाहीत तेव्हा करते ना, तसं."

मुलगी फुंकर मारी तेव्हा डाव्या ओठातून हवा निसटे आणि फुस्स असा केविलवाणा आवाज येई. सासूबाई तितक्याच गंभीरपणे स्वतः फुस्स करून दाखवत. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आईही एक दिवस यात सामील झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गाल फुगवताना त्याने काही अडले नाही.

चार. पुढच्या रविवारीही चार. त्या आठवड्यात मी नसेच्या वाढीविषयी मिळेल ते वाचले आणि नवऱ्याला रोज ऐकवले. तो ऐकून घेई आणि मलमाची नळी उघडत असे. "तू निदान मोजतेस," तो एकदा म्हणाला. "मी तिच्याकडे नुसता बघतो. आज पापणी थोडी हलली, असं मला रोज वाटतं."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सासूबाईंचा व्हिसा संपत आला. आम्ही घरी परतलो होतो. फट तीनवर होती. विमानतळावर त्यांनी पर्समधून काजळाची डबी काढली, नातीचा बूट-मोजा उतरवला आणि तळपायाला तीट लावली.

"ही माझी आहे बरं," त्या म्हणाल्या. "पुढे कुठे दुसरी दिसली तर ती आपली नव्हे. भिंग घेऊन बस."

आमच्या घरात तोच नियम झाला: तीट फक्त तळपायाला, आणि उन्हाळ्यात रोज आंघोळीनंतर सगळे अंग तपासायचे. ती डबी त्या माझ्या हातात ठेवून गेल्या.

त्यानंतर दर रविवारी जेवण झाले की मी आकडा टिपायचा आणि मगच पुण्याला फोन लावायचा, असा क्रम पडला. मोजण्याच्या शेवटच्या रविवारी फोन त्यांनीच आधी केला. मी मोजपट्टी शोधेपर्यंत मुलीने रिसीव्हर उचलला होता.

"आजी, पास आउफ!" लक्ष दे, असे ती ओरडली आणि फोनमध्ये फुंकर मारली. लांब, भरदार, एका सुरात. फुस्स नव्हते. हवा कुठूनच निसटली नव्हती.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "आईला दे." मी रिसीव्हर घेतला.

"ऐकलंस ना? आता ती मोजपट्टी ठेवून दे, बाई. पोरीला खेळू दे."

मी ठेवून दिली. मुलगी पुन्हा फुंकर मारत होती, या वेळी बाबाच्या कानात, आणि तो डोळे मिटून ऐकत होता. कॅलेंडरवर त्या रविवारचा चौकोन कोरा आहे. त्याच्या वरच्या चौकोनात, आदल्या रविवारचे, माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: १ मि.मी.