मावशींचा मिनिटांचा अंदाज

बेकरीत सगळे त्यांना मावशी म्हणत. तीस वर्षं भट्टीसमोर काढली, पण पाव कधी काढायचे यासाठी मावशींनी घड्याळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. हात पिठात, तोंडी शेजारणीच्या सुनेची खबरबात, आणि बोलता बोलता एकदम उठून भट्टीचं दार उघडायच्या. वीस मिनिटं म्हणजे वीस. मालकांनी दोनदा चोरून घड्याळ लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा मुकाट्याने गल्ल्यावर जाऊन बसले.

त्या मंगळवारी मात्र पाव पांढरेफटक निघाले, आतून गिच्च. दुसरा घाणा, तेच. मालकांनी घड्याळ पाहिलं, तर सोळाच मिनिटं झाली होती. मावशींनी हात धुतले आणि घरची वाट धरली. घरी येऊन त्यांनी मुलीला सांगून टाकलं की आता आपलं वय झालं, उद्यापासून काम बंद.

मुलगी नर्स. तिने घड्याळ हातात घेतलं आणि आईला मनातल्या मनात साठ सेकंद मोजायला लावले. मावशींनी "झाले" म्हटलं तेव्हा अठ्ठेचाळीसच झाले होते. मुलीने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. चांगलंच तापलं होतं.

"आई, तू म्हातारी नाही झालीस. तुला ताप आलाय."

मेंदूत वेळ मोजायला एकच एक घड्याळ नसतं, बरेच भाग मिळून अंदाज बांधतात, असं तिने समजावलं. अंगात ताप चढला की ते मोजणं पळत सुटतं, मग बाहेरची मिनिटं रेंगाळल्यासारखी वाटतात.

"भट्टीपुढे रोज तापतेच की मी," मावशी म्हणाल्या.

"ते बाहेरून. हे आतून."

चार दिवस सक्तीची विश्रांती. जावई रोज घड्याळ घेऊन उशाशी बसायचा. बावन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न. शनिवारी साठाला साठ. मग मावशींनी त्यालाच मोजायला लावलं. तो पंच्याहत्तरवर थांबला. दाढीला तुम्हाला तासभर का लागतो ते आज कळलं, म्हणून मावशी पोट धरून हसल्या.

सोमवारी मावशी बेकरीत गेल्या, तर मालकांनी नवं वाजणारं घड्याळ लावलेलं. ते वाजलं तेव्हा मावशींनी खरपूस पावांचा पत्रा नुकताच टेबलावर ठेवला होता. मालक ओशाळून घड्याळ उतरवायला गेले, पण मावशींनी काढू दिलं नाही. पुन्हा ताप आला तर मला आधी तेच सांगेल, म्हणाल्या, आणि दुसरा घाणा आत सारला.